माझा वाटा कोरा

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, फोर्टातल्या विमा कंपनीच्या ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत रुपालीने डबा उघडला, भेंडी बघितली, झाकण परत लावलं आणि फोनमध्ये २९८८२३९३ हा आकडा टाकला. याला कशाने भाग जातो, असं विचारलं. फोनने क्षणभरही डोकं खाजवलं नाही. चार हजार दोनशे एकसष्ट गुणिले सात हजार तेरा, असं त्याने सांगून टाकलं. जे काम गुरुपौर्णिमेपासून हाताने करायचं होतं ते एका घासाच्या आत आटोपलं, आणि घास तर तिने अजून घेतलाही नव्हता.

हे काम तिला ऑफिसने दिलेलं नव्हतं. ते होतं परब सरांचं. रमाकांत परब परळच्या एका मराठी शाळेत गणित शिकवायचे. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. लालबागच्या चाळीत दोन खोल्यांत ते आणि राधाकाकू राहत. करोनाच्या थोडं आधी जुन्या विद्यार्थ्यांचं एक गेटटुगेदर झालं, त्यातून आठ जण सरांना चिकटले ते चिकटलेच. बाकी शाळांचे ग्रुप लोणावळ्याला जातात, फार्महाऊसवर नाचतात. हे आठ जण भागाकार करतात. चाळिशी गाठलेली, पोरंबाळं असलेली, ईएमआयवाली माणसं! पण करतात, आणि हौसेने करतात.

रीत अशी. गुरुपौर्णिमेला सरांच्या घरी जमायचं. आठ जणांनी एकेक अंक द्यायचा, सर तो पाटीवर लिहीत जाणार. शेवटच्याने मात्र सम अंक किंवा पाच द्यायचा नाही, कारण मग भाग कशाने जातो ते शेंबडं पोरही सांगेल. अशी आठ आकडी संख्या तयार झाली की प्रश्न एकच: ही मूळ संख्या आहे का? म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला आणखी कशानेच भाग जात नाही, असं आहे का? ते ठरवायला लहान मूळ संख्यांपासून सुरुवात करून एकेकीने भागून बघायचं. वर्गमुळापर्यंत गेलं की पुरतं, पण आठ आकडी संख्येचं वर्गमूळसुद्धा हजारांत जातं. म्हणून वाटे पडायचे. प्रत्येकाच्या वाट्याला सत्तरेक मूळ संख्या. सर स्वतःकडे सगळ्यांच्या दुप्पट ठेवत, आणि त्याही सगळ्यात मोठ्या. "मला काय, वेळच वेळ आहे," म्हणत.

नियम दोनच होते. भागाकार हाताने करायचा, आणि दुसऱ्याचा वाटा तपासायचा नाही. मग दसऱ्याला पुन्हा जमायचं. सर पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढत, लहानपणी आपण सगळ्यांनी काढलेली तीच. तिला झेंडू वाहिला की एकेकाने उभं राहून सांगायचं, "माझा वाटा कोरा, सर." म्हणजे माझ्याकडच्या एकाही संख्येने भाग गेला नाही. ज्याच्याकडे भाग जाईल त्याने तसं सांगायचं, म्हणजे त्या वर्षीचा खेळ संपला. आजवर दर वर्षी कुणाच्या ना कुणाच्या वाट्यात भाग गेलाच होता. आपली संख्या मूळ निघावी ही सरांची फार इच्छा, पण ते बोलून दाखवत नसत.

रुपाली दर वर्षी प्रामाणिकपणे भागाकार करायची. या वर्षी ऑगस्टमध्ये ऑडिट आलं, मग गणपती, मग सासूबाईंचा गुडघा. वाटा तसाच राहिला. उद्या तोंड कसं दाखवायचं म्हणून तिने फोनला विचारलं, आणि उत्तर बघून तिने पहिली कुठली गोष्ट केली असेल, तर ४२६१ आपल्या वाट्यात येते का ते बघितलं. येत नव्हती. तिच्याकडे आठशेच्या पुढच्या आणि तेराशेच्या आतल्या होत्या. चार हजारांच्या पुढच्या सगळ्या सरांकडे. तिला हायसं वाटलं. तिचा वाटा खरंच कोरा होता, तेव्हा उद्या 'कोरा' म्हणणं खोटंही नव्हतं. ४२६१ चं सर सांगतीलच. तिने डबा उघडला आणि भेंडी संपवली.

दसऱ्याला सरांच्या खोलीत दाटीवाटीने सगळे बसले. राधाकाकूंनी करंज्या केल्या होत्या. पाटीवर सरस्वती होती, तिच्यापुढे झेंडू आणि आपट्याची पानं. निलेश उठला, माझा वाटा कोरा. स्वप्नील उठला, माझा वाटा कोरा. प्रितीने तर डोळे मिटून सांगितलं. रुपालीची पाळी आली तेव्हा तिची नजर सरस्वतीवर गेली आणि तिने पटकन ती दाराकडे वळवली. "माझा वाटा कोरा, सर." एवढं बोलून ती खाली बसली. आठही वाटे कोरे निघाले. सर सगळ्यांत शेवटी उठत. भिंतीचा आधार घेत ते उठले, चष्मा सारखा केला आणि म्हणाले,

"माझाही कोरा."

रुपालीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. पण सर हसत होते. "म्हणजे काय झालं? अरे, म्हणजे मूळ निघाली! राधा, ऐकलंस गो? मूळ निघाली!" पंचाहत्तरीला आलेल्या त्या माणसाचे डोळे भरले. सर चुकले होते. कुठेतरी एखाद्या भागाकारात चुकले होते आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

शाळेत असं झालं असतं तर काय झालं असतं, हे रुपालीला चांगलं माहीत होतं. सरांच्या टेबलावर लिमलेटच्या गोळ्यांची बरणी असायची. फळ्यावर सरांची चूक पकडली की उभं राहून ओरडायचं, "सर, चुकलं!" आणि गोळी घ्यायची. कधी सर मुद्दाम चुकत. पण एकदा भूमितीच्या तासाला ते खरंच चुकले होते, तेव्हा आठवीतली रुपाली उठून ओरडली होती. सरांचे कान लाल झाले होते. तरी त्यांनी बरणी उघडून तिला गोळी दिली होती, आणि वर्गाला म्हणाले होते, "हिच्यासाठी टाळ्या वाजवा."

आता रुपालीने तोंड उघडलं. 'सर' हा शब्द तिच्या जिभेवर आलासुद्धा. पण चुकलं म्हणायचं तर कळलं कसं ते सांगावं लागणार, फोन निघणार, दुसऱ्याच्या वाट्यात नाक खुपसलं तेही निघणार. त्यातून सरांचे भरलेले डोळे. क्षणभर खोलीत कुणीच काही बोललं नाही. त्या शांततेची तिला एवढी भीती वाटली की तिने टाळी वाजवली. पहिली टाळी तिची. मग सगळ्यांनीच वाजवल्या, खूप वेळ वाजवल्या, शेजारच्या खोलीतले जोशीकाका काय झालं ते बघायला आले.

प्रकरण तिथेच थांबलं असतं तर रुपालीने ते गिळलंही असतं. पण जानेवारीत सरांचा अमृतमहोत्सव होता. दादरला हॉल घेतला होता. निलेशचं घोडपदेवला फ्लेक्सचं दुकान, तेव्हा बॅनर त्याच्याकडे. सरांच्या फोटोखाली ही संख्या छापायची आणि लिहायचं, 'सरांची मूळ संख्या', असं ठरलं. सन्मानचिन्हावरही तीच कोरायची. सरांना कळल्यावर ते लाजले आणि म्हणाले, "मग भाषणात मी तिच्याबद्दलच बोलतो." हॉलमध्ये शाळेतले जुने गणिताचे मास्तर येणार होते, मुख्याध्यापक येणार होते. प्रत्येकाच्या खिशात फोन. एकाने जरी गंमत म्हणून आकडा टाकला असता तरी सर स्टेजवर सगळ्यांदेखत उघडे पडले असते.

रुपालीने ऑफिसातून निलेशला फोन केला.

"ऐक ना, ते बॅनरवर नंबर टाकायलाच पाहिजे का? फोटो मस्त मोठा कर ना."

"का गं? सरांना आवडलंय ना."

"नाही, म्हणजे... कुणी चेक-बिक केलं तर?"

पलीकडे प्रिंटिंग मशीनचा आवाज येत होता. "तुझा वाटा तू हाताने केलास ना?"

"मग! म्हणजे काय!" रुपाली एवढ्या जोरात म्हणाली की शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी वळून बघितलं.

"मीपण हातानेच केला," निलेश म्हणाला. "मग झालं तर. टेन्शन कशाला घेतेस?"

आता सरांना एकट्याला गाठून सांगायचं, असं ठरवून ती डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी लालबागला गेली. राधाकाकूंनी "ये गो बाय" म्हणून चहा टाकला. सर खिडकीपाशी पेपरातलं कोडं सोडवत बसले होते. पेपर डोळ्यांच्या अगदी जवळ धरला होता. मोतीबिंदूचं ऑपरेशन एका डोळ्याचं झालं होतं, दुसऱ्याचं राहिलं होतं. रुपालीने चहा घेतला, बिस्किट घेतलं, काकूंच्या पाठदुखीची चौकशी केली. घरातून निघताना तिने वाक्य तयार करून आणलं होतं. 'सर, एकदा ४२६१ परत बघता का?' एवढंच. ते काही तिच्या तोंडून निघेना.

"काय गं, काही काम होतं?" सरांनी विचारलं.

"नाही सर. सहज आले." आणि मग गप्प बसवेना म्हणून ती म्हणाली, "सर, खरंच कमाल आहे तुमची. या वयात एवढे भागाकार, एक चूक नाही! आम्हाला नाही जमायचं."

बोलली आणि तिला स्वतःची किळस आली. खोटं कौतुक ती ऑफिसात रोज करायची, साहेबांचं करायची, क्लायंटचं करायची. तोच आवाज तिने आज सरांसाठी वापरला होता.

सरांनी पेपर खाली ठेवला. चांगल्या डोळ्याने ते तिच्याकडे बघत राहिले.

"रुपाली, तू माझं कौतुक कधीपासून करायला लागलीस?"

"म्हणजे?"

"तू माझ्या चुका काढायचीस. वर्गात सगळ्यात जास्त गोळ्या तू खाल्ल्या असशील. कौतुक कधी केलेलं आठवत नाही मला."

"मोठी झाले ना सर आता," ती हसत म्हणाली. सर हसले नाहीत. त्यांनी पेपर पुन्हा उचलला, पण कोड्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. जिना उतरताना रुपालीला रडू आलं. सांगायला आली होती ते सांगितलं नव्हतं, आणि जे कधीच सांगायला नको होतं ते सांगून बसली होती.

जानेवारीतल्या त्या संध्याकाळी दादरचा हॉल भरला होता. दारातच बॅनर. सरांचा हसरा फोटो आणि खाली हातभर उंचीचे आकडे. रुपालीने त्या बाजूला बघायचंच नाही असं ठरवलं, आणि मग सगळीकडे तेच दिसायला लागलं. हार झाले, शाल झाली, मुख्याध्यापकांचं लांबलेलं भाषण झालं. त्या आठ जणांना पहिली रांग दिली होती. सर उठले तेव्हा निलेशने स्टेजवर एक पांढरा फळा आणून ठेवला. सकाळी सरांनीच तो मागितला होता.

सरांनी माईक बाजूला केला आणि तो आकडा मोठ्या अक्षरांत लिहिला. २९८८२३९३. मग डाव्या बाजूला लिहिलं, ४२६१.

रुपालीशेजारी निलेशने पाय आखडून घेतले.

"ऑक्टोबरात मी हा भागाकार कसा केला ते दाखवतो," सर म्हणाले. "एकोणतीस हजार आठशे ब्याऐंशीत सात वेळा. बाकी पंचावन्न. आता नऊ खाली घेऊ. पाचशे एकोणसाठ, भाग जात नाही. शून्य देऊ, तीन खाली घेऊ. पाच हजार पाचशे त्र्याण्णव. एकदा भाग. बाकी तेराशे बत्तीस. भाग जात नाही. वाटा कोरा."

ते वळले आणि पहिल्या रांगेकडे बघत उभे राहिले.

नऊच्या आधी तीन होता. ब्याऐंशीनंतर तीन, मग नऊ, मग तीन. सरांनी मधला तीन खाली घेतलाच नव्हता. पाचवीतल्या पोराची चूक. शाळेत असा आकडा कुणी वगळला की सर त्याला विचारायचे, "कुठे गेला आकडा? गिळलास?" आणि आता ते वाट बघत उभे होते. रुपालीला कळत होतं कशाची. नुसतं उठायचं आणि दोन शब्द बोलायचे. ती उठली नाही. रांगेतलं कुणीच उठलं नाही. मागच्या खुर्च्यांवर कुणी तरी खोकलं.

"कुणीच नाही?" सर म्हणाले. "बरं."

त्यांनी फडक्याने खालचं पुसलं. पंचावन्नपाशी बोट ठेवलं. "इथे एक तीन मी गिळला. हा तीन पाटीवर कुणी दिला होता रे?"

"मी, सर," रुपाली म्हणाली.

"तुझाच तीन गिळला मी." सरांनी तीन खाली घेतला, शून्य दिलं, नऊ खाली घेतला, एकदा भाग दिला, शेवटचा तीन खाली घेतला. बारा हजार सातशे त्र्याऐंशी. तीन वेळा भाग. खाली त्यांनी मोठं शून्य काढलं. वर सात हजार तेरा. "भाग जातो. ही मूळ संख्या नाही. दारातल्या बॅनरवर चूक आहे, आणि ती माझी आहे."

हॉलमध्ये हसू आलं, प्रेमाचंच हसू. कुणी टाळ्या वाजवायला लागलं. सरांनी हात वर करून त्या थांबवल्या.

"गेल्या महिन्यात मला कुणी तरी म्हणालं, एक चूक नाही. ते काही मला बरं वाटलं नाही, म्हणून मी माझा वाटा पहिल्यापासून परत केला. दोन आठवडे लागले. आता मला एक सांगा. माझ्या आठ जणांपैकी हे आधीच कुणाला माहीत होतं?"

नाव न घेता सरांनी तिला वाचवलं होतं, आणि ते तिला जास्त लागलं. रुपालीने हात वर केला. आपण एकट्याच आहोत, आता सगळे आपल्याकडे बघणार, असं वाटून तिने मान खाली घातली होती. पण सर तिच्याकडे बघत नव्हते. तिने मान वळवली. निलेशचा हात वर होता. त्याच्या पलीकडे स्वप्नीलचा. प्रितीचा वर जाता जाता अर्ध्यावर थांबला होता, मग तोही गेला. रांगेतल्या शेवटच्या खुर्चीपर्यंत हात वर होते.

सर बघत राहिले. एखाद-दुसरा निघेल असंच त्यांना वाटलं असावं. त्यांचे कान लाल झाले होते, आठवीच्या वर्गात झाले होते तसेच.

"सगळ्यांनीच फोन?"

कुणी तरी मान डोलावली.

"फोनचं मला काही नाही," सर म्हणाले. "त्याने बरोबरच सांगितलं. पण मी तुमच्यासमोर उभा राहून चूक बोलत होतो, आणि तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्यात. त्या कशासाठी होत्या?"

निलेश म्हणाला, "सर, तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"शाळेत वाटायचं नाही का मला? रुपालीने भूमितीत मला पकडलं तेव्हा घरी जाऊन मी जेवलो नव्हतो. विचारा राधाला." राधाकाकू दुसऱ्या बाजूला बसल्या होत्या, त्यांनी मान डोलावली. "पण तेव्हा तुम्हाला माझी कीव नव्हती येत."

रुपालीचा हात अजून वर होता. तो खाली घ्यावा की नाही तेही तिला कळेना. सर आपल्याला ओरडतील, निदान काहीतरी लागेल असं बोलतील, तर बरं होईल, असं तिला वाटत होतं.

सरांनी मार्करचं टोपण लावलं. शालीखाली हात घालून सदऱ्याच्या खिशातून एक लिमलेटची गोळी काढली. पहिल्या रांगेवरून त्यांची नजर एकदा फिरली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि रुपालीवर थोडी थांबली.

"चूक मीच पकडली," ते म्हणाले. "तेव्हा गोळी माझी."

माईक जवळच होता, त्यामुळे कागद सोडल्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. सरांनी गोळी तोंडात टाकली आणि खुर्चीत जाऊन बसले. टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत.